लाल मातीवर काळं डांबर: आउटबॅकचे रस्ते पक्के करून कुणाचं भलं होतं?

ऑस्ट्रेलियाचा नकाशा उघडा आणि पर्थच्या ईशान्येला लॅव्हर्टन नावाचं गाव शोधा. आता क्वीन्सलंडमधलं विंटन शोधा. ही दोन गावं जोडणारा एक रस्ता खंडाच्या मधोमध तिरका जातो. त्याचं नाव ‘आउटबॅक वे’. लांबी साधारण २,७०० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते गुवाहाटी रस्त्याने जेवढं अंतर पडेल जवळजवळ तेवढी. वाटेत शहर म्हणावं असं एकच, ॲलिस स्प्रिंग्ज, आणि त्याची वस्ती आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याच्या गावाएवढी, पंचवीस हजारांच्या आसपास.

या रस्त्याचा बराच भाग वर्षानुवर्षं मातीचाच होता. आता तो टप्प्याटप्प्याने डांबरी होतो आहे. असे आणखीही रस्ते रांगेत आहेत. प्रत्येक वेळी सरकारी घोषणेत दोन कारणं शेजारी शेजारी असतात: पर्यटन वाढेल आणि स्थानिक लोकांचा फायदा होईल. ऐकायला हे एकच वाक्य वाटतं, पण ते दोन वेगळे दावे आहेत. एक खरा ठरला म्हणून दुसरा आपोआप खरा ठरत नाही. म्हणून आज आपण ते सुटे करून तपासू. त्यासाठी थोडं पदार्थविज्ञान, थोडी मृदाशास्त्राची ओळख आणि थोडी बेरीज-वजाबाकी लागेल. घाबरू नका, सगळं शाळेत शिकलेलंच आहे.

मातीचा रस्ता बिघडतो कसा?

कच्च्या रस्त्यावर गाडी चालवलेल्या कुणालाही विचारा, खड्ड्यांपेक्षा जास्त त्रास वळ्यांचा होतो. रस्त्यावर आडव्या, एकसारख्या, पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा तयार होतात. एका वळीपासून पुढच्या वळीचं अंतर साधारण अर्धा ते एक मीटर. गाडीचे नटबोल्ट सैल होतात, डबे सांडतात, आणि मुख्य म्हणजे चाकं जमिनीला पुरेशी टेकतच नाहीत. त्यामुळे ब्रेक आणि वळण दोन्ही बेभरवशाचं होतं.

या वळ्या येतात कुठून? पूर्वी अनेकांना वाटायचं की दोष गाडीच्या स्प्रिंगचा आहे. २००७ मध्ये ताबर्ले, मॉरिस आणि मॅकेल्वेन या तीन शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गोल फिरणाऱ्या टेबलावर वाळूचा थर पसरायचा आणि त्यावर एक चाक टेकवून ठेवायचं. चाकाला स्प्रिंग नाही, हवा भरलेला टायर नाही, तरीही वळ्या उठल्या. कारण असं: वाळूत कुठेतरी किंचित उंचवटा असतोच. चाक त्यावरून जाताना थोडं वर उचललं जातं, पुढे खाली येताना वाळूत रुततं आणि समोरची वाळू ढकलतं. म्हणजे एका उंचवट्यापुढे खळगा आणि खळग्यापुढे दुसरा उंचवटा. पुढचं चाक तेच आणखी वाढवतं. ठराविक वेगाच्या खाली वळ्या उठत नाहीत, पण प्रत्यक्ष रस्त्यावर ती मर्यादा जवळजवळ भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाइतकी येते. थोडक्यात, मातीचा रस्ता वापरला की तो बिघडणारच. ग्रेडर फिरवून सपाट केला तरी वाहतूक सुरू झाली की वळ्या परत येतात.

दुसरा शत्रू धूळ. गाडीमागे उडणारा तो लाल ढग फोटोत छान दिसतो, पण तो ढग म्हणजे रस्ताच आहे. मुरूम-मातीतला बारीक कण हा खड्याला खडा धरून ठेवणारा चिकट भाग असतो. तो उडून गेला की उरलेले खडे सुटे होतात आणि कडेला फेकले जातात. मग नवा मुरूम आणावा लागतो. जवळच्या खाणी संपल्या की तो लांबून येतो, आणि तो दाबून बसवायला लागणारं पाणी वाळवंटात कुठून आणायचं हा वेगळाच प्रश्न.

डांबराचं खरं काम

आपल्या डोळ्यांसमोर पक्का रस्ता म्हणजे जाड डांबरी थर येतो. आउटबॅकमध्ये तसं नसतं. तिथे दाबून बसवलेल्या खडीच्या थरावर गरम डांबर फवारतात, दर चौरस मीटरला एक-दोन लिटर. त्यावर लगेच बारीक खडी पसरून रोलर फिरवतात. झाला रस्ता! हा थर बोटाच्या पेराएवढाही जाड नसतो. गाडीचं वजन तो पेलत नाही, ते खालची खडी पेलते. डांबराचं काम रेनकोटचं: पाणी आत जाऊ द्यायचं नाही आणि बारीक कण बाहेर उडू द्यायचे नाहीत.

म्हणूनच डांबराचा सगळ्यात मोठा फायदा जिथे माती पाण्याने बिघडते तिथे होतो. इथे महाराष्ट्रातल्या वाचकांना एक ओळखीची गोष्ट सापडेल. आउटबॅक वेच्या पूर्व टोकाला, बूलिया आणि विंटनच्या परिसरात, मैलोन्‌मैल काळी माती आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस पडला की तिचा नुसता लगदा होतो. विदर्भ-मराठवाड्यात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. दोन्हींचा जन्म वेगळा: आपली काळी माती बेसॉल्ट खडकापासून झाली, तिथली प्राचीन समुद्रतळाच्या चिखलाच्या खडकांपासून. पण दोन्हींत फुगणारी-आकसणारी चिकणमाती भरपूर असल्याने मृदाशास्त्रज्ञ त्यांना एकाच वर्गात घालतात. अशा मातीवर थोड्याशा पावसानेही रस्ता बंद होतो आणि वाळेपर्यंत बंदच राहतो.

पण रेनकोटही फाटतो. तिथल्या उन्हात डांबर कडक होतं, तडकतं आणि भेगांतून पाणी आत शिरतं. साधारण दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा फवारणी करावी लागते. म्हणजे रस्ता पक्का करणं हा एकदाच करायचा खर्च नाही, ती कायमची बांधिलकी आहे.

हिशोब जुळतो का?

आता खऱ्या रस्त्याचे आकडे घेऊ. पश्चिम ऑस्ट्रेलियात ब्रूमहून उत्तरेला डॅम्पियर द्वीपकल्पाच्या टोकाकडे, केप लेव्हेककडे, रस्ता जातो. त्यातला सुमारे ९० किलोमीटरचा कच्चा पट्टा २०२० मध्ये डांबरी झाला. खर्च साधारण साडेसहा कोटी डॉलर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ७ लाख डॉलर.

हे ७ लाख डॉलर दुसरीकडे गुंतवले असते तर ५ टक्क्यांनी वर्षाला ३५ हजार मिळाले असते. म्हणजे रस्त्याच्या प्रत्येक किलोमीटरने समाजाला वर्षाला निदान तेवढा फायदा द्यायला हवा. समजा, रस्त्यावर दिवसाला ५० गाड्या जातात. वर्षाला झाल्या १८,२५०. भागाकार केला तर प्रत्येक गाडीला प्रत्येक किलोमीटरमागे जवळजवळ दोन डॉलरचा फायदा झाला पाहिजे.

प्रत्यक्षात किती होतो? वेग ६० वरून १०० झाला तर एका किलोमीटरमागे २४ सेकंद वाचतात. गाडीतल्या माणसांच्या वेळेची किंमत तासाला ४० डॉलर धरली तर हे झाले २७ सेंट. टायर, इंधन, मोडतोड यांची बचत आणि ग्रेडरच्या कमी झालेल्या फेऱ्या मिळवा. तरी दोन डॉलरपर्यंत पोचणं अवघड. दिवसाला काही शे गाड्या असतील तर गणित जुळायला लागतं. पण अनेक दुर्गम रस्त्यांवरच्या गाड्या दिवसाला दोन आकड्यांतच मोजाव्या लागतात.

गुरांच्या वाहतुकीने हे चित्र काही रस्त्यांवर बदलतं. ५३.५ मीटर लांबीपर्यंतच्या रोड ट्रेन शेकडो जनावरं घेऊन जातात. पक्क्या रस्त्यावर जनावरांना मार कमी बसतो, ट्रक कमी मोडतात, फेरी लवकर पुरी होते. कोणता तुकडा पक्का केला तर वाहतुकीचा खर्च किती उतरेल हे काढण्यासाठी सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेने ‘ट्रान्झिट’ नावाचं संगणकीय प्रारूप बनवलं. ते फार्मपासून कत्तलखान्यापर्यंत आणि बंदरापर्यंत ट्रकच्या फेऱ्यांचा मागोवा घेतं. अशा प्रारूपांतून एक गोष्ट दिसते: सगळे किलोमीटर सारखे नसतात. योग्य ठिकाणचे थोडे किलोमीटर बाकीच्या शेकडो किलोमीटरपेक्षा जास्त फायदा देऊ शकतात.

जी फेरी झालीच नाही, तिची किंमत

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग डांबर कशाला, सोडून द्या. थांबा. वरच्या हिशोबात एक मोठी त्रुटी आहे. आपण फक्त रस्त्यावरून गेलेल्या गाड्या मोजल्या. रस्ता बंद होता म्हणून जी गाडी निघालीच नाही, ती कुठल्याच आकड्यात नाही.

नॉर्दर्न टेरिटरी घ्या. क्षेत्रफळ चार महाराष्ट्रांहून जास्त, लोकसंख्या सुमारे अडीच लाख. यातली निम्म्याच्या आसपास जमीन १९७६ च्या भूमी हक्क कायद्याखाली ॲबोरिजिनल म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या मालकीची आहे. त्यांच्या वस्त्या शे-पाचशे माणसांच्या आणि एकमेकींपासून शेकडो किलोमीटर लांब. अशा वस्तीत बहुधा एकच दुकान असतं. तिथल्या किमतींची पाहणी वेळोवेळी होते आणि दुर्गम दुकानातली टोपली शहरातल्या सुपरमार्केटपेक्षा साधारण ४० ते ६० टक्क्यांनी महाग निघत आली आहे. २०२० मध्ये संसदेच्या समितीने या प्रश्नाची चौकशी केली तेव्हा वाहतूक आणि पावसाळ्यात बंद होणारे रस्ते ही कारणं पुढे आली. थोडी माणसं, छोटी दुकानं, साठवणुकीचा खर्च ही इतर कारणंही होतीच. म्हणजे डांबराने भाजी स्वस्त होईलच असं नाही, पण ती सडायच्या आत पोचेल याची शक्यता वाढते.

त्याहून गंभीर गोष्ट डायलिसिसची. मध्य ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांमध्ये मूत्रपिंडाच्या विकाराचं प्रमाण फार जास्त आहे. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-पाच तास. रस्ता दोन आठवडे बंद राहणं अशा माणसाला परवडत नाही. म्हणून अनेकांना गाव, नातवंडं, आपली भूमी सोडून ॲलिस स्प्रिंग्जला जाऊन राहावं लागतं.

आता तुम्हाला वाटेल की रस्ता पक्का करणं हेच उत्तर. पण ॲलिसपासून पश्चिमेला पाचशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या किंटोर गावाच्या लोकांनी दुसरं उत्तर शोधलं. तिथले चित्रकार नावाजलेले. २००० मध्ये त्यांनी आपल्या चित्रांचा लिलाव करून दहा लाखांहून जास्त डॉलर जमवले, आणि २००४ मध्ये डायलिसिसचं यंत्रच गावात आणलं. त्यातून उभी राहिलेली संस्था आज ‘पर्पल हाऊस’ म्हणून ओळखली जाते. तिचं डायलिसिसचं फिरतं वाहनही वस्त्यांमधून जातं. तेव्हा रस्त्याबद्दल विचार करताना प्रश्न असा विचारायला हवा: माणसाने सेवेपर्यंत जायचं की सेवेने माणसापर्यंत यायचं? अर्थात, दुसरं उत्तर निवडलं तरी परिचारिका, औषधं आणि ते वाहन रस्त्यानेच यायचं असतं.

आणि डांबर म्हणजे बारमाही हमी, असंही समजू नका. स्टुअर्ट हायवे हा दक्षिण-उत्तर जाणारा मुख्य रस्ता १९८७ पासून पूर्ण डांबरी आहे. तरी जानेवारी २०२२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात पूर आला, रस्ता आणि रेल्वे दोन्ही तुटले, आणि कूबर पीडी गावाला हवाई दलाच्या विमानाने अन्न पोचवावं लागलं. तिथे कमी पडले ते उंच भराव आणि पाणी जायला मोऱ्या.

पर्यटक येतील, पण थांबतील का?

आता दुसरा दावा. पर्यटकांचे ढोबळमानाने दोन गट करू. पहिल्या गटाला मातीचा रस्ताच हवा असतो. किम्बर्लीमधला गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किलोमीटरचा, मुळात गुरं वाहून नेण्यासाठी केलेला. आज लोक त्यावर जातात ते त्याच्या खडतरपणासाठी. त्यांच्यासाठी रस्ता हीच सहल. तो गुळगुळीत केला तर त्यांना यायचं कारणच उरत नाही.

दुसरा गट आपल्यासारख्यांचा. भारतातून आई-बाबा आलेत, सुट्टी आठ दिवसांची, गाडी भाड्याची. त्या गाडीचा करार नीट वाचलात तर बहुतेक वेळा कच्च्या रस्त्यावर नेण्याला मनाई असते आणि नेली तर विमा लागू होत नाही. कॅरॅव्हॅन घेऊन देश फिरणारे निवृत्त लोकही याच गटात. या सगळ्यांसाठी डांबर म्हणजे उघडलेलं दार. संख्येने हा गट मोठा, त्यामुळे रस्ता पक्का झाला की गाड्या वाढतात यात फारशी शंका नाही.

पण गाड्या वाढणं आणि गावात पैसा येणं यात फरक आहे. कच्च्या रस्त्यावर दिवसाला तीनशे किलोमीटर झाले तरी माणूस दमतो, रोडहाऊसवर मुक्काम करतो, जेवतो, पंक्चर काढून घेतो. डांबरावर तोच माणूस आठशे किलोमीटर जातो आणि तुमच्या गावात फक्त स्वच्छतागृहासाठी थांबतो. रस्ता जितका चांगला, तितकं न थांबणं सोपं.

वाहतुकीचा मार्ग गावाचं नशीब कसं बदलतो हे ऊडनाडॅटाला दिसतं. १८९१ मध्ये तिथे रेल्वे पोचली आणि गाव भरभराटीला आलं. १९८० मध्ये नवा लोहमार्ग पश्चिमेकडून गेला, जुना बंद झाला. पुढे डांबरी झालेला स्टुअर्ट हायवेही पश्चिमेकडूनच. गाव शे-दोनशे माणसांवर आलं. आज तिथे जे पर्यटक येतात ते जुन्या रेल्वेचे अवशेष आणि ऊडनाडॅटा ट्रॅक नावाचा सहाशेहून जास्त किलोमीटरचा मातीचा रस्ता बघायला येतात! म्हणजे ज्या मागासलेपणाने गाव ओस पडलं, त्याच्याच जोरावर थोडंफार जगतं आहे.

उलट टोकाचं उदाहरण उलुरूचं. डांबरी रस्ता आला, विमानतळ झाला, १९८४ मध्ये युलारा हे पर्यटकांचं गाव वसलं. २००० पर्यंत वर्षाचे पर्यटक चार लाखांवर गेले होते. यापेक्षा यशस्वी पर्यटन ते कोणतं? तरीही उलुरूच्या पायथ्याशी असलेलं मूळ रहिवाशांचं मुटिजुलू गाव गरीबच राहिलं. युलारातल्या हॉटेलांत अनंगू लोकांना जवळजवळ कामच नव्हतं. अन्न, कर्मचारी, मालक सगळे बाहेरचे, त्यामुळे पैसा आला तसा बाहेर गेला. अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात, आणि शब्द अगदी योग्य आहे: नळ कितीही मोठा सोडा, बादलीलाच भोक असेल तर काय उपयोग?

बदल झाला तो रस्त्यामुळे नाही. १९८५ मध्ये जमिनीची मालकी अनंगूंना परत मिळाली, उद्यानाच्या प्रवेश शुल्कातला हिस्सा त्यांना मिळू लागला. मूळ रहिवाशांसाठी जमीन घेणाऱ्या सरकारी महामंडळाने पुढे युलाराची हॉटेलं विकत घेऊन तरुणांना प्रशिक्षण देणं सुरू केलं. २०१९ मध्ये उलुरूवर चढणं बंद झालं, कारण तसा निर्णय घेण्याची सत्ता अनंगूंच्या हातात आली होती.

केप लेव्हेकच्या रस्त्यावर काय होतं आहे? बीगल बे, जारिंजिन, लोम्बाडीना, आर्डियालून ही तिथली गावं, सगळी मिळून हजारभर माणसं. पूर्वी पावसाळ्यात ती अनेकदा तुटायची. आता साध्या गाडीने ब्रूमला दोन-अडीच तासांत जाता येतं. दवाखाना, शाळा, बाजार, नातेवाईक सगळं जवळ आलं. त्याच वेळी बाहेरची माणसं, दारू, किनाऱ्यावर बेफाम गाड्या आणि पवित्र जागी होणारी घुसखोरी यांची भीतीही लोकांनी रस्ता होण्याआधीच बोलून दाखवली होती. इथे दोन गोष्टी गावांच्या बाजूने आहेत. एक, थांबायला कारण आहे: बीगल बेच्या चर्चमध्ये शिंपल्यांच्या मोत्यासारख्या चकाकत्या आवरणाने मढवलेली वेदी आहे आणि जारिंजिनचं रोडहाऊस गावाच्याच संस्थेचं आहे. दोन, जमिनीवर कुठे जायचं, कुठे नाही, हे ठरवण्यात गावकऱ्यांचा शब्द आहे.

भारतातला पुरावा काय सांगतो?

रस्ता आला की विकास आपोआप येतो, ही समजूत आपल्याकडेही घट्ट आहे. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने ती तपासण्याची संधी दिली. गावाची लोकसंख्या ठराविक आकड्याच्या वर असेल तर रस्त्याला अग्रक्रम, खाली असेल तर नंतर. त्यामुळे आकड्याच्या जरा वरची आणि जरा खालची गावं जवळजवळ सारखी, फरक फक्त रस्त्याचा. सॅम ॲशर आणि पॉल नोव्होसाद यांनी या फरकाचा उपयोग करून २०२० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रस्ता आल्यावर लोक शेती सोडून इतर कामांकडे वळले, पण गावाच्या शेतीत, खर्चात किंवा मालमत्तेत मोठा बदल दिसला नाही. रस्त्याने गावातून बाहेर पडणं सोपं केलं, गाव श्रीमंत केलं नाही.

भारतातलं दाट वस्तीचं खेडं आणि आउटबॅकमधली वस्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी धडा लागू पडतो. रस्ता हा दोन दिशांचा असतो आणि तो फक्त पोचण्याचा खर्च कमी करतो. त्यावरून काय येईल आणि काय जाईल हे इतर गोष्टी ठरवतात.

डांबराचे तोटेही मोजा

वेग वाढतो, आणि वेगाबरोबर अपघाताची तीव्रता. कच्च्या रस्त्यावर गाडी घसरून उलटते. पक्क्या रस्त्यावर चालकाला झोप लागते किंवा संध्याकाळी कांगारू आडवा येतो. डांबरावरून वाहून आलेलं पाणी रस्त्याच्या कडेला मुरतं, तिथे हिरवं गवत उगवतं आणि ते खायला जनावरं नेमकी रस्त्याकाठी जमतात. बफेल ग्रास नावाचं बाहेरून आलेलं गवतही रस्त्याच्या कडेकडेने पसरतं आणि वणव्यांना खाद्य पुरवतं.

मग देखभालीचा प्रश्न. क्वीन्सलंडमधली डायमंटिना शायर ही स्थानिक संस्था साधारण ९५ हजार चौरस किलोमीटरची, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी. लोकसंख्या तीनशेहून कमी! इतक्या लोकांच्या करातून पंधरा वर्षांनी डांबर फवारायला पैसे कुठून येणार? केंद्र आणि राज्य सरकार देतील तोवर ठीक. शिवाय अशा ठिकाणी रस्ता दुरुस्ती हाच मोठा रोजगार असतो. ग्रेडर चालवणारा बहुधा गावचाच. फवारणी करणारं पथक मात्र अनेकदा बाहेरून येतं आणि काम संपलं की निघून जातं.

तर मग उत्तर काय?

पुरावे एकत्र ठेवले तर मला असं दिसतं. रस्ता पक्का केल्याचा सगळ्यात भरवशाचा लाभ पर्यटनाचा नाही, तिथे राहणाऱ्यांचा आहे, आणि तो वेगातून येत नाही. वर्षातले किती दिवस रस्ता उघडा राहतो, यातून तो येतो. पर्यटनाचा लाभ होऊ शकतो, पण तो अटींवर: थांबायला कारण हवं, गल्ला स्थानिकांच्या हातात हवा आणि कुठपर्यंत यायचं हे सांगण्याचा अधिकार त्यांच्याकडे हवा. या अटी डांबराने पुऱ्या होत नाहीत.

हे मान्य केलं तर पैसा खर्च करण्याचा क्रमही बदलतो. आधी ओढ्यांवरच्या मोऱ्या आणि भराव, काळ्या मातीचे तुकडे, गावापासून दवाखान्यापर्यंतचा आणि धावपट्टीपर्यंतचा रस्ता. क्वीन्सलंडमध्ये अनेक ठिकाणी एकाच गाडीच्या रुंदीचं डांबर असतं, समोरून कुणी आलं की डावी चाकं मातीत उतरवायची. दिसायला ते गरीब वाटतं, पण खर्च कमी आणि पावसात गाव तुटत नाही. खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड काळी पट्टी हे नकाशावर सुंदर दिसतं, पण रस्त्याकाठच्या माणसाला तिच्यातले नेमके चाळीस-पन्नास किलोमीटर हवे असतात. ते कोणते, हे त्यालाच विचारावं लागतं.

तुम्ही पुढच्या सुट्टीत तिकडे जाणार असाल तर एवढं करा. ‘रस्ता बंद’ ही पाटी असेल तर मुकाट्याने थांबा, ओल्या रस्त्यात पडलेली तुमची चाकोरी वाळून दगडासारखी होते आणि गावाला महिनाभर त्रास देते. लॅव्हर्टन ते युलारा या ग्रेट सेंट्रल रोडसारख्या रस्त्यावर मूळ रहिवाशांच्या जमिनीतून जायला परवाना लागतो, तो आधी काढा. त्याच्याकडे सरकारी कटकट म्हणून बघू नका, कुणाच्या अंगणातून जाताना आपण विचारतोच की. आणि रोडहाऊसवर पेट्रोल भरलंत की पाच मिनिटं जास्त थांबा, चित्रं गावच्या कलाकेंद्रातूनच घ्या, जेवणही तिथेच करा. डांबर तुम्हाला तिथपर्यंत नेईल. गावात काय ठेवून यायचं, ते तुमच्या हातात आहे.